संत्र्याच्या बिअरमधलं संत्रं गेलं कुठं?

मागच्या अंकात फळांच्या बिअरवर मी अर्धं पान लिहिलं होतं. संपादकांचा अंदाज होता की विदर्भातून दोन-चार रागाची पत्रं येतील आणि विषय मिटेल. रागाची आलीच, पण शंका विचारणारी त्याहून जास्त आली. त्यातली सहा इथं घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी वरुड तालुक्यातली. अन्नतंत्रज्ञान शिकले, पुण्याकडं एका बिअरच्या कारखान्यात सहा वर्षं प्रयोगशाळेत होते, आता आईसोबत संत्र्याचा बगीचा पाहते.

ताई, भाच्यानं पुण्याहून संत्र्याच्या दोन बिअर आणल्या. एकीच्या डब्यावर संत्र्याची साल छापलेली, पण चवीला संत्रं औषधालाही नाही. दुसरी उघडल्याबरोबर घरभर संत्र्याचा वास. आम्ही बागाईतदार माणसं, संत्रं आम्हाला कळतं. पहिल्या कंपनीनं फसवलं म्हणायचं का?
*एक वाचक, शेंदुरजनाघाट*

भाऊ, बहुतेक उलटं झालं असावं. डिसेंबरात आंब्या बहाराचा माल गेल्यावर आमच्या वावरातल्या खोपडीत हाच खेळ झाला, तो सांगते.

चार बिअर होत्या. चार काचेचे ग्लास, प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टीवर आकडा, बाटल्या-डबे गोणपाटाखाली. पारखी तीन. पहिले मोर्शीचे मामा, ज्यांचा जन्म बाजारात फळं विकण्यात गेला. दुसरा माझा भाऊ. तिसरी वहिनी. ती पीत नाही, पण म्हणाली, ‘हुंगायला काय पैसे पडतात का?’ आणि बसली.

एक नंबरला मामांनी दोन घोट घेतले आणि ग्लास खाली ठेवला. ‘हे तं साधीच हाय. पातय.’ भावाला ‘काहीतरी साबणासारखं’ वाटलं. वहिनीनं ग्लास नाकाशी नेला, झाकला, पुन्हा नेला. ‘यात धने हायत. अन् ताजे हायत, वर्सभराचे नाही.’

दोन नंबरला मामा खूश. ‘याच्यात केयं हाय.’ मी म्हटलं, नाही. ‘चायीस वर्सं केयं इकलं मी, तू मले शिकवते का?’ 

तीन नंबर गडद लाल. मामांनी तोंड वाकडं केलं, मग हळूहळू अख्खा ग्लास संपवला. ‘हे तं आंबट बोराचं सरबत होय.’

चार नंबरचा ग्लास तोंडाला लागायच्या आधीच तिघंही एकदम बोलले, ‘संत्रं!’ आणि भाऊ हसत सुटला, कारण तो वास फळाचा नव्हता, दुकानाचा होता. आपल्याकडं ‘संत्रा मारून आला’ म्हटल्यावर कोणी फळाचा विचार करत नाही. देशीच्या बाटलीतला तो वास, लहानपणच्या संत्रागोळीतला तोच वास.

गोणपाट काढलं. चार नंबरच्या डब्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की स्वादद्रव्य मिसळलेलं आहे. खरी संत्र्याची साल होती ती एक नंबरमध्ये, जिच्यात कोणालाच संत्रं सापडलं नाही.

याचं कारण यीस्टमध्ये आहे. आपण संत्रं म्हणतो तेव्हा जिभेला तीन गोष्टी एकत्र आठवतात: गोडी, आंबटपणा आणि सालीचा वास. आपल्या चांगल्या फळाच्या रसात साधारण दहा टक्के साखर असते. तो रस बिअरमध्ये घातला की यीस्ट ती साखर खाऊन टाकतं, तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. गोडी गेली. मागं उरतो आंबटपणा, आणि त्यात भर म्हणून कडवटपणा. सकाळी काढून ठेवलेला संत्र्याचा रस दुपारी कडू लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. फोडीच्या पांढऱ्या पापुद्र्यातून आणि बियांतून येणाऱ्या लिमोनिन नावाच्या द्रव्याचा तो प्रताप. ताज्या फोडीत तो जाणवत नाही, रस काढल्यावर तासा-तासानं वाढत जातो. बिअर तर टाकीत आठवडे राहते. म्हणून जाणता माणूस बिअरमध्ये संत्र्याचा रस सहसा घालत नाही, साल घालतो.

सालीतलं तेल तुम्ही-आम्ही सगळ्यांनी शाळेत असताना मित्राच्या डोळ्यात पिळलेलं आहे. दिव्याच्या ज्योतीवर साल दाबली की तडतड ठिणग्या उडतात, तेच तेल. बेल्जियममध्ये हूगार्डन नावाचं गाव आहे. तिथली गव्हाची पांढरी बिअर 1950च्या दशकात बंद पडली होती. पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्यानं 1966 साली ती पुन्हा सुरू केली. तिच्यात कडू जातीच्या संत्र्याची वाळलेली साल आणि धने पडतात. आपल्याकडची बिरा व्हाइटही त्याच वळणाची. उकळी संपता संपता साल टाकायची, ती वासापुरती. तिनं बिअरला एक हलका, कोरडा, फुलासारखा वास येतो. तुमच्या भाच्याच्या पहिल्या डब्यात हेच असणार. तुम्ही गोड रस शोधत होतात, म्हणून सापडला नाही.

दोन नंबरमध्ये केळं नव्हतं, तरी मामा चुकले असं मी म्हणणार नाही. ती जर्मनीतल्या बव्हेरियाच्या पद्धतीची गव्हाची बिअर. तिचं यीस्ट आंबवताना आयसोअमाइल अॅसिटेट नावाचं द्रव्य तयार करतं. पिकलेल्या केळ्याच्या वासात हेच द्रव्य असतं. मामांचं नाक खरं बोललं. फळ एकही पडलं नाही, तरी वास अस्सल. मामांना हे अजून पटलेलं नाही. परवा फोनवर म्हणाले, ‘टाकत असन कोनी तरी गुपचूप.’

तीन नंबर ती क्रीक, म्हणजे चेरीची आंबट बिअर. ब्रसेल्सच्या आसपासची जुनी चाल. यीस्ट बाहेरून घालत नाहीत. थंडीच्या दिवसांत माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, उकळलेलं पाणी रात्रभर उथळ हौदात उघडं ठेवतात, हवेतलं जे पडेल ते पडेल. मग लाकडी पिंपात महिनोन् महिने, आणि त्यात आंबट चेऱ्या. आमची बाटली लिंडेमन्स कंपनीची, ती गोडसर करूनच विकतात, म्हणून मामा टिकले. जुन्या पद्धतीची कोरडी क्रीक असती तर दात शिवशिवले असते. फळ पुरतं आंबूनही ओळखू येतं ते याच बिअरमध्ये, कारण चेरीची ओळख मुळात आंबटपणात आहे. आपल्याकडं कोकम या कामाला चांगलं, बोर आणि जांभूळही चालेल असं मला वाटतं. संत्र्याची गोडी काढली की त्याची अर्धी ओळख जाते. आपल्या संत्र्याचा हा अपमान नव्हे. ते खायचं फळ आहे.

घरी पारख करायची तर: स्टीलचा ग्लास नको, त्यात वासही नीट कळत नाही आणि रंगही दिसत नाही. बाटली फ्रीजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं थांबा, बर्फगार बिअर मुकी असते. ग्लास अर्धाच भरा. हलकी आधी, आंबट शेवटी. सोबत साधे मुरमुरे आणि पाणी. सावजी त्या दिवशी नको. तर्रीनं जीभ भाजली की चारही ग्लास सारखेच लागतात, आणि मग भांडण फक्त रश्श्यावर होतं. एसेन्स ओळखायचा तर ग्लास हातात धरून गरम होऊ द्या. एसेन्सचा वास बहुतेकदा पहिल्या क्षणीच बाहेर येतो आणि तिसऱ्या घोटाला चव पोकळ होते. सालीचा वास उलट, बिअर कोमट होत जाते तसा वर येतो.

पुण्यात आंब्याची बिअर प्यायलो. आंबा कमी, चीक जास्त. असं कसं?
*परतवाडा*

आंबा फार अवघड आहे. त्याचा गोड वास हलका, उडून जाणारा. आंबताना टाकीतून जो वायू बुडबुड वर जातो, तो तो वास सोबत घेऊन जातो. प्रयोगशाळेच्या बाहेर वास घमघमायचा आणि टाकीत काही उरायचं नाही. मागं राहतो तो आंब्यातला टर्पेंटाइनसारखा भाग, तुम्ही त्याला चीक म्हणालात ते अगदी बरोबर. म्हणून रस शेवटी घालतात, मुख्य आंबवण झाल्यावर. आणि तिथंच घोळ होतो.

मी होते त्या कारखान्यात एका उन्हाळ्यात हापूसचा रस घातला आणि चार दिवसांत बाटल्या भरायची घाई झाली. बाजारात जायचं होतं, मे संपत आला होता. रसातली साखर अजून शिल्लक, यीस्ट जिवंत. बाटलीत बसून त्यानं आपलं काम चालू ठेवलं. तिसऱ्या रात्री गोदामातून फटाक्यांचा आवाज यायला लागला. चौकीदार आधी समजला की जवळपास वरात आहे. सकाळी पाहिलं तर भिंतीला काचा रुतलेल्या आणि फरशीवर पिवळा चिखल, त्यावर मुंग्या. कोणाला लागलं नाही, हे नशीब. मी दोन दिवस आधी साखर मोजली होती, आकडा जास्त आला होता, कागदावर लिहून वर पाठवलाही होता. तो कागद नंतर कुणालाच सापडला नाही. असो.

आणखी एक. पुण्यातल्या बऱ्याच बिअरमध्ये आंब्याचा वास येतो आणि त्यात आंबा नसतो. तो हॉप्सचा वास, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीच्या फुलांचा. सिट्रा नावाचं अमेरिकन हॉप्स आहे, त्यात लिंबू, पेरू, आंबा असं सगळं हुंगायला मिळतं. मला विचाराल तर आंब्याची बिअर प्यायची इच्छा झाली तर अशी हॉप्सवाली घ्यावी, आणि आंबा वेगळा चोखून खावा.

मिसेसला बिअर कडू लागते, म्हणून मी तिच्या ग्लासात निम्मा लिंबूसोडा घालतो. मित्र हसतात. हे चालतं का?
*दर्यापूर*

चालतं. जर्मनीत यालाच राडलर म्हणतात. राडलर म्हणजे सायकलवाला. निम्मी बिअर, निम्मं लिंबाचं गोड पाणी. पाच टक्क्यांची बिअर अडीचवर येते. साखर थोडी कमी घाला आणि लिंबू बी काढून पिळा. मित्रांना सांगा, बर्लिनमध्ये तर बिअरमध्ये रासबेरीचं सरबत घालून पितात आणि कोणी हसत नाही. फक्त नाव सायकलवाला आहे म्हणून नंतर मोटरसायकलला किक मारू नका.

तुम्ही स्वतः शेतकऱ्याच्या लेक. आमच्या भागात दारूनं किती घरं बसली ते तुम्हाला दिसत नाही का? बाईमाणसानं हे लिहावं?
*एक शिक्षिका, यवतमाळ जिल्हा*

मॅडम, दिसतं. माझ्या सख्ख्या काकांचं तीन एकर वावर देशीच्या दुकानात गेलं. काकूनं कापूस वेचून दोन पोरी शिकवल्या. त्या दुकानातल्या बाटलीत बेचाळीस टक्क्यांच्या वर अल्कोहोल असतं, आणि ती चवीसाठी कोणी पीत नाही. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, तिच्यामागं बायांचा मोठा रेटा होता, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. हे सदर पिण्याचं वय झालेल्या, परवाना काढून क्वचित घेणाऱ्या माणसानं काय घेतो ते ओळखून घ्यावं, एवढ्यापुरतं आहे. बाकी तुमच्या रागाला माझ्याकडं उत्तर नाही, आणि तो चुकीचा आहे असंही मी म्हणणार नाही. बाईमाणसाबद्दल मात्र सांगते, त्या रात्री खोपडीत सगळ्यात तल्लख नाक वहिनीचं निघालं, एक थेंब न पिता.

आमचा जिल्हा वर्धा. इथं दारू बंद. तुमचं सदर वाचून करायचं काय?
*सेलू*

वहिनीनं केलं ते. गांधीजींच्या जिल्ह्यात राहूनही हे सगळं शिकता येतं, कारण नाक तयार करायला बिअर लागत नाही. एका पातेल्यात लिटरभर पाणी उकळा, खाली उतरवताना बोटाच्या पेराएवढा वाळलेल्या सालीचा तुकडा आणि पाच-सहा ठेचलेले धने टाका, झाकण ठेवा. पाच मिनिटांनी झाकण उघडून वास घ्या. मग तेच पांढरा गर न काढलेल्या सालीनं करा आणि पाणी चाखा. कडवटपणा कुठून येतो ते एकदा कळलं की आयुष्यभर विसरत नाही. मग डब्यातले जुने धने आणि या हंगामातले धने असे दोन वेगळे. आमच्या कारखान्यात नव्या मुलांना पहिला आठवडा आम्ही हेच करायला लावायचो. त्यातले निम्मे वैतागून जायचे.

बगीच्यात फळगळ फार आहे. खाली पडलेली संत्री बिअरवाल्यांना विकता येतील का? की घरीच काही करता येईल?
*काटोल तालुका*

घरी काही करू नका. परवान्याशिवाय बिअर काय, कुठलीही दारू गाळणं गुन्हा आहे, आणि उत्पादन शुल्कवाले आले की ‘प्रयोग करत होतो’ हे कोणी ऐकत नाही.

विकण्याचं म्हणाल तर गळलेलं फळ कोणी घेणार नाही. ते बहुतेकदा सडायला लागलेलं असतं, त्या बुरशीचा वास उकळूनही जात नाही. आणि आता हिशेब ऐका, तुमची निराशा होईल. आमच्याकडं हजार लिटरच्या एका खेपेला वाळलेली साल लागायची किलो, फार तर सव्वा किलो. एका संत्र्याच्या सालीतला पांढरा भाग बराचसा खरवडून ती वाळवली तर सात-आठ ग्रॅम भरते. म्हणजे सव्वाशे ते एकशेऐंशी फळांत एक खेप निघते. तुमचं एक झाड एखाद्या छोट्या कारखान्याला कित्येक महिने पुरेल. बिअरमुळं संत्र्याला भाव येईल असं कोणी मंडईत सांगत असेल तर त्याच्याकडून आधी बयाणा घ्या.

तरी सालीचं छोटं काम होऊ शकतं, आणि त्यातली ठेच माझी मी खाल्ली आहे. पहिल्या वर्षी मृगाच्या मालाची साल काढली, फेब्रुवारीत. फवारणी थांबवून बरेच दिवस झालेली झाडं निवडली होती, कारण औषधाचा अंश सालीवरच बसतो आणि तपासणीत तिथंच पकडतात. हे सगळं नीट केलं. साल टिनावर वाळत घातली, तीन दिवसांत कडक. चौदा किलोचं पोतं शिवून पुण्याला पाठवलं. आठ दिवसांत परत. चिठ्ठीत एकच ओळ, धुराचा वास.

मी पोतं उघडून नाक घातलं, मला काही जाणवलं नाही. वहिनीला दिलं. तिनं एक साल चुरगाळली आणि शेजारच्या धुऱ्याकडं बोट केलं. त्या तीन दिवसांत शेजाऱ्यांनी वावर मोकळं करायला पऱ्हाटी जाळली होती. सालीतलं तेल धूर असा पिऊन घेतं की पुन्हा सोडत नाही. आम्ही लहानपणापासून त्या धुरात वाढलेले, आम्हाला तो वास वासच वाटत नाही. पुण्याच्या पोरांना तो पोत्याचं तोंड सोडताच आला.

यंदा साल मधल्या खोलीत, पंख्याखाली, धुतलेल्या लुगड्यावर पसरली आहे. खिडक्या बंद. नऊ दिवस लागले, रंग मात्र केशरीच राहिला. आठ किलो भरली होती. काल पुन्हा मोजली तर साडेसहा. दीड किलो आईनं उटण्याला उचलली.